आंबा संपल्यावर

महाबळेश्वरला आम्ही दोनदा जाऊन आलो, पण महाबळेश्वर पाहिलं असं काही म्हणता येत नाही. पाचगणी वाटेत लागली असणार. पन्हाळ्यावर समोरून येणाऱ्यांच्या छत्र्या दिसायच्या, माणसं अगदी जवळ आल्यावर कळायची. ही तक्रार नाही. तक्रार करायला अंगात जोर लागतो, तो मी इतर कामांसाठी राखून ठेवते.

कारण साधं आहे. आमचे हे वाशीच्या फळबाजारात एका आंब्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते. गाळा म्हणजे व्यापाऱ्याचं दुकान. गाडीतून माल उतरवून घ्यायचा, गिऱ्हाईक सांभाळायचं, शेठ असला की त्याची बोलणी खायची आणि नसला की त्याच्या जागी दुसऱ्यांना बोलायचं, असं ते काम. आंब्याचा हंगाम होळीच्या आगेमागे सुरू होतो आणि पाऊस लागेपर्यंत चालतो. शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी त्याच्या मधोमध. सगळं जग मे महिन्यात बॅगा भरत असायचं तेव्हा हे पहाटे उठून बाजार गाठायचे आणि घरी आले की चपला काढता काढता पेंगायचे. मुलांनी विचारलं, बाबा आपण कुठं जायचं, की उत्तर ठरलेलं. "आंबा संपू दे, मग जाऊ."

आंबा संपायचा, शाळा उघडायची, पाऊस धरायचा. मग जुलैत मुलांना ताप आलाय असं शाळेत कळवून आम्ही उन्हाळी सुट्टीला निघायचो.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, तुमच्या फॅमिलीची आवडती ट्रिप सांगा, फोटोसकट. धडाधड फोटो आले. बर्फात उभे, उंटावर बसलेले, टोप्या, गॉगल. मी कपाटातून आमचा अल्बम काढला. प्रत्येक फोटोत रेनकोट. कोण कुठला ते रंगावरून ओळखायचं. आणि बहुतेक फोटोंत माझा रेनकोट नाहीच, कारण मी मागं कुठंतरी स्टोव्ह पेटवत बसलेली. फोटो काही टाकले नाहीत. म्हटलं, त्यापेक्षा लिहून सांगू. आत्ताच दिवेआगरहून परतले आहे, बॅग अजून पुरती रिकामी झालेली नाही, तेव्हा जसं आठवेल तसं सांगते.

महाबळेश्वर

पहिल्यांदा गेलो तेव्हा आमची अश्विनी पहिलीत होती आणि रोहन कडेवर. स्टँडवर उतरलो तर अर्धं गाव गवतात गुंडाळून ठेवलेलं. पावसाचा मार भिंतींना लागू नये म्हणून तिथं घरं-दुकानं वाळलेल्या गवताच्या झापांनी झाकतात, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. लॉजवाल्यानं आम्हाला चिंब उभं असलेलं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुणी वारलंय का इथं?"

"नाही. फिरायला आलोय," हे म्हणाले.

"आत्ता?"

"आंबा संपला ना," हे म्हणाले. त्या बिचाऱ्याला काय कळणार?

खोली मिळाली, पण जेवणाचं तुमचं तुम्ही बघा म्हणाला. बघायचं काय, माझ्या पिशवीत वातीचा स्टोव्ह, तांदूळ, बेसन, कांदे, तिखट-मीठ, कढई, सगळं होतं. आमची साताऱ्याकडची माणसं देवाला निघाली तरी शिधा बांधून निघतात. बाहेरचं विकत खाणं म्हणजे घरात बाई नसल्यासारखं, असं सासूबाई म्हणायच्या. सासूबाई गेल्या, शिधा राहिला. मीच बांधत राहिले, मला कुणी बांध म्हटलं नव्हतं हेही खरं.

पॉइंटवर गेलो. समोर धुक्याची पांढरी भिंत. यांनी रोहनला उंच धरलं आणि म्हणाले, "बघ, दरी." अश्विनीनं विचारलं, "कुठाय?" "हीच की," हे म्हणाले. ती पोर नंतर कितीतरी वर्षं दरी पांढऱ्या रंगाची असते असं समजत होती. शाळेत चित्रकलेच्या तासाला तिनं कागद कोराच दिला होता आणि बाई रागावल्या होत्या.

मी दरीचं हे दर्शन घेतलं आणि भात टाकायला खोलीवर परत फिरले. लॉजच्या व्हरांड्यात वारा असा की काडी पेटेना. एका हातानं पत्रा आडवा धरून दुसऱ्या हातानं पिठलं ढवळत होते, तेवढ्यात तिघं भिजून आले. हे दारातूनच म्हणाले, "काय गं, जेवायला काय हाय?"

"पिठलं-भात."

ते पिठलं मुलांच्या अजून लक्षात आहे. अश्विनी पुण्याला नोकरी करते, तिथं मोठ्या हॉटेलात जेवते, पण महाबळेश्वर म्हटलं की तिच्या तोंडाला आजही पाणी सुटतं ते पिठल्याचं. चांगलं वाटतं ऐकून. हातही दुखायला लागतो.

दिवेआगर, श्रावणात

समुद्राला जायचं ठरलं त्या वर्षीची गोष्ट. आमच्या सेक्टरात मासळी घेऊन येणारी हिराबाई इथल्या खाडीकाठच्या गावची. तिला सांगितलं तर पाटी उतरवत म्हणाली, "बाय, ऐन पावसात दर्यावर जाऊन काय बगनार? होड्या वर काढलेल्या, मासली नाय. पानी तर हितं पन हाय."

तिचं बरोबर होतं. तरी गेलो. सुपारीच्या वाडीतलं एक कौलारू घर राहायला मिळालं. घरमालकीण माझ्याच वयाची, मी त्यांना वहिनी म्हणायला लागले आणि त्या मला ताई. त्यांची खानावळ, पण पावसाळ्यात बंद. लावणी उरकलेली, पाहुणे नाहीत, तेव्हा त्या मोकळ्या होत्या. मी पडवीत स्टोव्ह मांडला की त्या शेजारी पायरीवर येऊन बसायच्या आणि माझ्या ज्वारीच्या भाकरीकडे बघत राहायच्या. त्यांच्याकडे तांदळाची. त्याची उकड काढावी लागते, नुसतं पीठ मळून चालत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

समुद्र राखाडी, आभाळ राखाडी, मधली रेघ कुठं ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं बरं आहे. रोज समुद्र समोर."

त्या म्हणाल्या, "बघायचा तर मे महिन्यात बघा. सूर्य असा समोर पाण्यात उतरतो, ताटाएवढा. बघत राहावंसं वाटतं."

आता हे काही फार मोठं बोलणं नाही. पण कसं असतं, एखादी गोष्ट मनात जाऊन बसते. वाशीला आमची खिडकी खाडीच्या बाजूला आहे, सूर्य मावळतो, नाही असं नाही. पण तो पलीकडच्या मुंबईतल्या इमारतींच्या मागं जातो, आणि ती वेळ कुकर लावायची. मला सूर्य पाण्यात उतरताना बघायचा होता. सगळा, शेवटपर्यंत, हातात काहीही नसताना. पुढची सगळी वर्षं मला ट्रिपबद्दल कुणी विचारलं की मनात हेच यायचं. बोलले कधी नाही. बोलून काय होणार? आंबा संपल्यावर जायचं तर सूर्य कुठून आणायचा?

हे पायरीवर येऊन टेकले. "जेवायला काय?"

"भाकरी, लसणाची चटणी. वहिनींनी वालाचं बिरडं दिलंय."

वाशी

ही ट्रिप झाली नाही, तरी मुलांना विचाराल तर हीच सगळ्यात आवडती.

एका वर्षी शेठला काय दया आली कोण जाणे, ऐन मे महिन्यात त्यानं यांना दोन दिवस सुट्टी दिली. मी सूर्याचं कुणाला न बोलता दिवेआगरचं नाव पुढं केलं, सगळे हो म्हणाले. मी दशम्या केल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. बॅगा दारात, मुलं चपला घालून बॅगांवर बसलेली, आणि फोन वाजला. कोकणात वळीव झाला होता. बागायतदारांनी घाईघाईनं आंबा उतरवला होता आणि एकदम गाड्या आल्या होत्या. सुट्टी रद्द.

रोहननं भोकाड पसरलं. हे फोन ठेवून उभे राहिले, कुणाकडे बघेनात. मग म्हणाले, "चला, तुम्ही बी चला."

"कुठं?"

"बाजारात."

आणि गेलो की. बॅगांसकट. फळबाजारात घरची माणसं कुणी आणत नाही, ती काही बायका-पोरांची जागा नाही, पण त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही. मुलांना गाळ्यात पेंढ्यावर बसवलं. चहूकडं आंब्याच्या पेट्या छतापर्यंत, वास असा की डोकं भणभणावं. पाटणकडचा एक हमाल होता, यांना मामा म्हणायचा, त्यानं दोघांना रिकाम्या हातगाडीत बसवून अख्ख्या बाजारातून फिरवून आणलं. "सरका, सरका, सायबाची गाडी आलीया," असं ओरडत. मुलांनी दुपारभर आंबे चोखले, अंगाखांद्यावर रस, माश्या घोंघावतायत, आणि चेहरे असे की जग जिंकलं.

मी पेट्यांच्या मागं एक कोपरा धरला. यांनी घाम पुसत डोकावलं. "जेवायला काय काय आणलंयस?"

दशम्या काढल्या, पुऱ्या काढल्या. दोन दिवसांसाठी केलेलं सगळं गाळ्यातल्या माणसांनी एका बैठकीत संपवलं. पाटणचा हमाल म्हणाला, "मामी, आता दरवर्षी ट्रिप हितंच आना." सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी बाजाराच्या पत्र्यांवरून ऊन उतरत गेलं, तेव्हा मी डबे घासत होते. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं होतं. कुणी बघितलं नाही, आणि पेंढ्याची धूळ होतीच सांगायला.

दिवेआगर, मे महिन्यात

गेल्या दिवाळीत यांनी काम सोडलं. गुडघे राहिले नाहीत. तरी पहाटे उठतात, बाजारात चक्कर मारतात, चहा पिऊन परत येतात. मेमध्ये त्यांना घरात बसलेलं बघून मलाच कसंतरी व्हायला लागलं. अश्विनी पुण्याहून आली आणि तिनं परस्पर ठरवून टाकलं. "दिवेआगर. त्याच वहिनींकडे बुक केलंय. आता त्यांचं होमस्टे आहे, चहा-नाश्ता-जेवण सगळं त्यांचं. आई, तू गॅसला हात लावायचा नाही. क्लिअर?"

मी क्लिअर म्हटलं.

तिला माझ्या सूर्याचं काही माहीत नव्हतं. गाडीत बसल्यावर मीच सांगून टाकलं, इतक्या वर्षांनी. रोहन गाडी चालवत होता, तो म्हणाला, "एवढंच? आधी सांगायचं ना." आधी म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही.

माणगावच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली. मे महिन्यात अख्खं जग बाहेर पडतं म्हणजे काय, ते आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. आमची सवय रिकाम्या रस्त्यांची, बंद दुकानांची. हे गाडीतून मान बाहेर काढून म्हणाले, "एवढी माणसं चाललीत कुठं?" "आपल्याबरोबर, बाबा," अश्विनी म्हणाली. पोचलो तेव्हा सूर्य केव्हाच गेला होता. पहिली संध्याकाळ अशी गेली.

वहिनींनी ओळखलं. केस पांढरे झालेत दोघींचेही. त्या गळ्यात पडणार तेवढ्यात यांनी डिकी उघडून हापूसची पेटी काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. वाशीहून कोकणात आंबे. मला तर कुठं तोंड लपवू असं झालं. आयुष्यभर कुणाकडे जाताना आंब्याची पेटी घेऊन जायची सवय, या माणसाच्या ध्यानातच आलं नाही की आपण निघालोय कुठं. वहिनींनी पेटीवरचं नाव वाचलं आणि पदर तोंडाला लावला. श्रीवर्धनची बाग, तिथून जवळचीच.

"भाऊजी, हा आमच्या दारावरून गेला असेल वाशीला. फिरून आला बिचारा."

"रिकाम्या हातानं कसं यायचं?" हे म्हणाले. फारच बारीक आवाजात.

पण माझं तरी काय वेगळं? खोलीत बॅग उघडली तर वर चार रेनकोट, खाली प्लॅस्टिकचं ताडपत्रीसारखं कापड, ओले कपडे वाळत घालायची दोरी, कापूर. टोपी एक नाही. हात आपोआप भरत गेले होते, मी झोपेत भरल्यासारखी बॅग भरली होती. आणि तळाशी, फडक्यात गुंडाळून, छोटा गॅसचा स्टोव्ह. अश्विनीनं तो उचलून बघितला, आणि गाडीत नेऊन ठेवला.

दुसरा दिवस बरा गेला. वहिनींचं सांदण खाल्लं, आंब्याचा रस घालून उकडलेलं. फणसाची भाजी, सोलकढी. आमच्याकडे जेवण तिखटावर संपतं, इथं आमसुलावर. हे पावसाळ्याची काळी छत्री डोक्यावर धरून भर उन्हात किनाऱ्यावर फिरले आणि लोक वळून वळून बघत होते. संध्याकाळी निघायचं म्हणून मी चांगलं पातळ नेसून पडवीत येऊन बसले. रोहन गाडी काढायला गेला. आणि आतून भांडी आदळल्याचा आवाज आला.

वहिनींकडे कामाला येणाऱ्या दोघी गावातल्या लग्नाला गेल्या होत्या. दुसरी एक मंडळी, पंधरा-वीस माणसं, ऐनवेळी कळवून जेवायला येणार होती. वहिनींनी मला बोलावलं नाही. हे मुद्दाम सांगते, त्यांनी बोलावलं नाही. मी पाच मिनिटं पायरीवर बसून तो आवाज ऐकला आणि मग उठून आत गेले, पदर खोचला आणि विळीवर बसून नारळ खोवायला घेतला. भाकरी करून बघितली, पण ज्वारीचा हात तो ज्वारीचाच, तांदळाची भाकरी तव्यावर टाकताना फाटली. मग नारळच.

"ताई, तुम्ही पाहुण्या. जा बघू, सूर्य जाईल," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कधी बघितलात शेवटचा?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "आठवत नाही हो. सीझनमध्ये ही वेळ चुलीपुढं. पावसाळ्यात मोकळी असते, तेव्हा तो नसतो."

दोघी हसत सुटलो. अश्विनी दारात येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा बघून मी विळीवरून उठलेच नाही.

"आई, बाहेर ये."

"एवढे दोन नारळ."

"सूर्य गेला आई. बाबा आणि रोहन दोघंच जाऊन आले. आणि तुला माहितीये, तुला बसता येत नाही म्हणून आम्हालाही कधी नीट बसता येत नाही. तू उठलीस की आम्ही चोर ठरतो."

वहिनींनी मान खाली घातली. मला राग आला, खरं सांगते, फार राग आला. तुमच्यासाठीच उठत आले ना जन्मभर, असं ओठांवर आलं होतं. पण तसं नव्हतं. आत्ता कुणीच मला उठवलं नव्हतं. रात्री अंथरुणावर पडले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. आता उद्याची एकच संध्याकाळ उरली होती, परवा सकाळी निघायचं होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तसा वहिनींनी स्वयंपाकघराचा दरवाजा आतून ओढून घेतला. फटीतून म्हणाल्या, "आज या दारात पाय ठेवायचा नाही. माझ्या वाटचाही बघून या." मी काही विचारायच्या आत कडी लागली.

किनाऱ्यावर जत्रा होती. घोडागाड्या, वाळूतून धूळ उडवत जाणाऱ्या मोटारी, भेळ, गोळे, सेल्फी घेणाऱ्या पोरी. आमचा शांत, राखाडी समुद्र कुठं गेला काही कळेना. सुरूच्या झाडांपासून जरा पुढं रोहननं प्लॅस्टिकचं कापड अंथरलं, वर रेनकोट टाकले. एकदाचे उपयोगाला आले. हे टेकले, पाय लांब केले आणि झोपी गेले. पहाटे उठणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुठंही आडवं केलं की झोप लागते, त्यात नवल नाही. मी शेजारी बसले. हातांचं काय करायचं ते सुचेना. आधी मांडीवर ठेवले, मग वाळूत खुपसले.

सूर्य खाली यायला लागला. लोक मोबाइल वर धरून उभे राहिले. आणि पाण्याच्या बऱ्याच वर धुरकट पट्टा होता, त्यात तो हळूहळू मळत गेला आणि नाहीसा झाला. समुद्राला टेकलाच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "गेला वाटतं. चला." लोक कपडे झटकून उठले. दहा पावलांवर भेळवाल्याभोवती गर्दी झाली.

अश्विनी माझ्याकडे बघत होती. तिलाच रडू येईल असं वाटलं मला. "सॉरी आई. ढग आले."

"आपल्या घराण्याला ढगच," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढं. मी बसते जरा."

"काही होतंय का?"

"नाही गं. उठायचा कंटाळा आलाय."

आणि खरंच कंटाळा आला होता. असा कंटाळा की जो मी आयुष्यात कधी येऊ दिला नव्हता, कारण आला असता तर सगळ्यांची जेवणं राहिली असती. गुडघे, कंबर, खांदे, सगळं एकदम म्हणालं, आता नाही. मुलं गाडीकडे गेली. मी बसून राहिले. समोर नुसतं राखाडी पाणी, माझ्या ओळखीचं.

मग त्या पट्ट्याच्या खालून लाल कड दिसली.

पट्टा संपत होता आणि पाणी सुरू होत होतं, मध्ये हातभर मोकळं आभाळ होतं. त्यातून तो खाली आला. ताटाएवढा, वहिनी म्हणाल्या होत्या तसाच, लालभडक, जराही तेज नसलेला, डोळे मिटायची गरज नाही. पाण्याला टेकला. तळाशी जरा पसरला, मग अर्धा राहिला, मग नखाएवढा. माझ्या आजूबाजूला त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. सगळे पाठ करून गाड्यांकडे निघाले होते. यांना हलवावं असं एकदा मनात आलं, पण हात वाळूत होते आणि मला ते काढायचे नव्हते. शेवटचा ठिपका गेला तेव्हा माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला, कसला ते सांगता येत नाही. मी रडत होते बहुतेक. धूळबीळ काही नव्हती.

अंधारून यायला लागलं. हे जागे झाले, कोपरावर उठून इकडंतिकडं बघू लागले, समुद्राकडे बघितलं.

"गेला का?"

"गेला."

"दिसला?"

"दिसला."

त्यांनी जांभई दिली, रेनकोटवरची वाळू झटकली. मग तीस वर्षांत प्रत्येक धुक्यात, प्रत्येक पावसात, पेट्यांच्या त्या ढिगामागं विचारलं तसंच, अगदी सहज विचारलं, "काय गं, जेवायला काय हाय?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर आलंच नाही. आत नीट बघितलं, तरी नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा एकदा म्हणून बघितलं, जरा मोठ्यानं. "मला माहीत नाही हो."